इंजिनवर मारलेलं पाणी

मोहाडीत तुमसर रस्त्याला लागून एक पत्र्याचं गॅरेज आहे. तिथला मिस्त्री डाव्या कानानं जवळजवळ बहिरा. नागपूरला काम शिकत असताना शेजारी ट्रकचं टायर फुटलं आणि तो कान गेला. उजवा कान शाबूत होता, पण त्याच्यावर तो फार विसंबायचा नाही. गाडी तो हातानं ऐकायचा. इंजिन चालू करायला सांगून मागे जाऊन उकिडवा बसायचा, सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटं दूर तळवा धरायचा आणि डोळे मिटायचा. इंजिन नीट असेल तर धूर तळव्याला सारखा लागतो. चारातला एखादा सिलिंडर पेटत नसेल तर मधेच एक ठोका गळतो. आपण त्याला मिसिंग म्हणतो. गाडी लपकते, म्हणजे झटके देत चालते, चढावर दम टाकते, ब्रेक मारून उभी केली की सगळं अंग थरथरतं.

पहिल्यांदा मी त्याच्याकडे गेलो तेव्हा मला हा प्रकार नाटकी वाटला होता. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. त्यानं माझा हात धरून सायलेन्सरमागे नेला.

"डोये मिटा, गुरुजी. आता मोजा. एक, दोन, तीन... कुठं खड्डा लागला?"

मला काहीच लागलं नाही. गरम हवा लागली, एवढंच.

"नाई लागला? राहू द्या. तुमाले पोराईच्या वह्या तपासाची सवय. मले ह्याची."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी भंडाऱ्याच्या बाजूला राहिलो आणि पुढे मोहाडीजवळच्याच एका गावात घर केलं. नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. आजोबा आणि वडील दोघांनीही दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, मजुरीनं रोवणी केली. त्यामुळे त्या गाडीचा मला जरा जास्तच अभिमान होता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या अभिमानातच आहे.

त्या वर्षी दसऱ्याला आईला गाडीनं नागपूरला न्यायचं ठरलं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि आई लग्न होऊन आली तेव्हापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची. कधी ट्रकमध्ये उभ्यानं, कधी एसटीत, कधी रेल्वेच्या दारापाशी पायरीवर बसून. आता तिचे गुडघे गेले होते. ती कधी काही मागायची नाही. पण भाद्रपदात एकदा अंगणात तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "औंदा तुह्या गाडीनं जाऊ का रे?" मी हो म्हणालो आणि मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

माझी थोरली बहीण आणि भाऊजीही सोबत येणार होते. भाऊजींचं मोहाडीच्या बाजारात बी-बियाणं आणि खतांचं दुकान. माणूस दिलदार, पण जिभेला लगाम नाही. त्यांची गाडी भंडाऱ्याच्या मोठ्या गॅरेजात जायची आणि मी माझी त्या बहिऱ्या मिस्त्रीकडे नेतो, याची ते दुकानात बसून थट्टा करायचे. "आमच्या साळ्याचा मिस्त्री म्हंजे वैद्य हाय. नाडी पाह्यते गाडीची!"

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी गाडी मिस्त्रीला दाखवली. त्यानं तेल बदललं, चारही प्लग नवे टाकले. प्रत्येक प्लग हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला, मग खोल भोकात हळूच उतरवला, आधी नुसत्या बोटांनी आणि शेवटी पान्यानं. वायरच्या रबरी टोप्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. बोनेट बंद करताना म्हणाला, "आईले नेऊन राहिले ना? मंग सांगून ठेवतो. दसरा हाय, सारे धूत सुटतीन. गाडी भायेरून धुवा, पण इंजिनवर पाणी नोका मारू. ह्या टोप्या जुन्या झाल्या. पानी अंदर गेलं का तिथंच बसून राहते."

मी "बरं" म्हणालो. ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे, धानाच्या बांध्यांना पाणी देणारा लहानसा तलाव. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं गाव तिथं असतं. पूर्वी नांगर आणि औतं धुवायचे, आता ट्रॅक्टर आणि मोटरसायकली. शेजारच्या शेतकऱ्यानं आपला पाण्याचा पंप बोडीत सोडला होता आणि जाड पाइपानं ट्रॅक्टरला आंघोळ चालली होती. चाकांपासून इंजिनापर्यंत, जसा बैल धुतात तसा. चिखल गळून लाल रंग दिसायला लागला की पोरंटोरं ओरडायची. मी गाडी घेऊन गेलो. आमच्याकडे पूजा नसते, पण दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतल्या गर्दीत गाडी पांढरी दिसावी, इतकं मला हवं होतं.

बाहेरून धुऊन झाली. शेजाऱ्यानं बोनेटवर थाप मारली.

"अंदर किती माती हाय ते पाहा ना, गुरुजी. नागपूरले जाऊन राहिले आन आतून अशी?"

"मिस्त्री नाही म्हणतो. पाणी मारू नका म्हणतो."

"मिस्त्री तं म्हनतेच. आमी ट्रॅक्टर दरसाल धुतो, कई बंद पडला का?"

चारपाच जण बघत होते. मी बोनेट उघडलं आणि पाइप स्वतःच्या हातानं आत धरला.

ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून त्याला पाण्याची भीती नाही. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर जगतं. हे मी सातवीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. पण शेतातल्या माणसाला जे यंत्र माहीत असतं तेच त्याच्या हाताला माहीत असतं आणि माझा हात अजून शेतातलाच होता. आई बोडीच्या पाळीवर बसून हे सगळं पाहत होती. तिनं मिस्त्रीचं बोलणं ऐकलेलं नव्हतं. पण "मिस्त्री नाही म्हणतो" हे माझं वाक्य तिनं ऐकलं.

सकाळी गाडी सुरू केली तेव्हा एक बारीक थरथर आली आणि गेली. गारव्यानं असेल म्हणून मी सोडून दिलं. भंडाऱ्यापर्यंत नीट गेलो. पुढे नागपूर रस्त्यावरच्या पुलावर चढताना गाडीनं पहिला झटका दिला, मग दुसरा. पूल ओलांडून काही अंतर गेलो तोवर ती इतकी लपकायला लागली की मागे बसलेल्या आईचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. मी एका ढाब्याशी गाडी बाजूला घेतली.

भाऊजी पुढे बसले होते. त्यांनी सावकाश मान वळवली.

"काय म्हने तुमचा वैद्य? नाडी पाहून देल्ली होती ना?"

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"नवीन काय टाकलं त्यानं?"

"प्लग," मी म्हणालो. "परवाच चारही प्लग टाकले त्यानं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी मी आयुष्यात जेवढं खोटं बोललो त्यातलं हे सगळ्यात पक्कं खोटं.

"मंग झालं! बहिऱ्याच्या हाती गाडी देल्ली, आता भोगा."

ते रस्त्यावर हात करून दुसरी गाडी थांबवायला गेले. बहीण आईला घेऊन झाडाखाली बसली. मी बोनेट उघडलं. एकेक टोपी ओढून पाहिली. पहिली कोरडी, दुसरी कोरडी. तिसरी वर आली तेव्हा तिच्या तोंडाशी पाण्याचा थेंब होता आणि खाली प्लगच्या भोकात पाणी साठलेलं होतं. ऊन लागून चमकत होतं.

तेव्हा एवढंच करायचं होतं की भाऊजींना हाक मारून ते पाणी दाखवायचं. मी रुमाल काढला, पिळा करून भोकात घातला आणि सगळं पाणी टिपून घेतलं. दोनदा, तीनदा. ओला रुमाल पँटच्या खिशात कोंबला. गाडी पुन्हा सुरू करून पाहिली, तर तीच लपक, तसाच गळलेला ठोका. आणि मला काय वाटावं? बरं वाटलं. पाणी काढूनही मिसिंग गेलं नाही म्हणजे पाण्याचा दोष नसेलच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मागे वळलो तर आई माझ्या पँटीकडे पाहत होती. पांढऱ्या कापडावर खिशापाशी मोठा ओला डाग पडला होता.

ओळखीच्या गावच्या लोकांचा एक टेम्पो मिळाला. त्यात दाटीवाटीनं बसून आम्ही नागपूरला पोहोचलो. आईला जागा मिळाली, ती एका पोत्यावर बसली होती आणि बाकीच्या बायांसोबत गाणी म्हणत होती. तिचा दिवस वाया गेला नाही. वाया गेला असता तर मला कदाचित लवकर शिक्षा मिळाली असती. दुपारी त्या अफाट गर्दीत आम्ही उभ्यानं पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लाखो लोकांच्या आवाजात माझाही आवाज होता, आणि आई माझ्या बाजूला उभी होती. तिनं मान वळवून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला टोचन करून गाडी मोहाडीला आणली. भाऊजी मुद्दाम दुकान सोडून गॅरेजवर आले. तमाशा पाहायला, असं ते स्वतःच म्हणाले.

मिस्त्रीचा चेहरा उतरला होता, कारण बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. तो काही न बोलता सायलेन्सरमागे बसला. तळवा धरला, डोळे मिटले. मग उठून पुढे आला आणि चालू इंजिनवर, पकडीला रबर गुंडाळून, एकेका प्लगची वायर ओढायला लागला. पहिली ओढली, इंजिन पडेलसं झालं. परत लावली. दुसरी ओढली, तसंच. तिसरी ओढली आणि आवाजात काहीच फरक पडला नाही.

"तिसरा मेला," तो म्हणाला.

तरी त्याचं समाधान झालं नाही. त्यानं बोटं पाण्यात बुडवून इंजिनमधून धूर बाहेर आणणाऱ्या चार नळ्यांवर थेंब शिंपडले. तीन नळ्यांवर चर्र झालं. तिसऱ्या नळीवर थेंब तसाच बसला आणि हळूच घसरला. मग त्यानं तिसरा प्लग काढून दुसऱ्याच्या जागी आणि दुसरा तिसऱ्याच्या जागी घातला. रोग दुसऱ्यात गेला. म्हणजे इंजिन ठीक, कॉम्प्रेशन ठीक, प्लगच खराब. माझ्यासमोर एकेक शंका अशी बाजूला होत गेली आणि मी तिथं उभा राहून घाम पुसत होतो.

त्यानं तो प्लग उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगी आत जायच्या ऐवजी बाहेरून त्या रेघेवरून पळत होती. अशी रेघ पाणी साठून पडते, नाहीतर बारीक तड्यानं.

"तीन दिवसाचा प्लग," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, पानी तं नाई ना मारलं?"

भाऊजी हाताची घडी घालून उभे होते.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान डोलवली. त्याला शंका आली नाही. गुरुजी कशाला खोटं बोलतील?

"मंग माह्याच हातानं झालं. बसवताना बारीक तडा गेला असन. मले समजला नाई."

"हात बी बहिरा झाला वाटते," भाऊजी म्हणाले.

मिस्त्री हसला. ते हसणं मला आजही नको वाटतं. त्यानं नवा प्लग टाकला, नवी टोपी टाकली, गाडी पुन्हा सारखी चालायला लागली. माझ्याकडून काही घ्यायला तयार झाला नाही आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "आईले तरास झाला, बाप्पा. आईले सांगा, मिस्त्री चुकला."

तो निरोप मी आईला दिला नाही. पण रात्रीच्या जेवणाआधी, भाकरी थापता थापता, तिनंच विचारलं. "मिस्त्रीले सांगतलं का तुनं?"

"काय?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, एवढंच.

मोहाडी लहान. खतांच्या दुकानात हंगामात शंभर माणसं येतात आणि भाऊजींना गोष्ट रंगवून सांगता येते. बहिऱ्या मिस्त्रीनं म्हातारीला दसऱ्याच्या दिवशी रस्त्यावर बसवलं, ही गोष्ट धान कापणीपर्यंत सगळ्या गावांत गेली. मोहाडीतल्या एका डॉक्टरांनी आपली गाडी भंडाऱ्याला न्यायला सुरुवात केली. त्यांचं पाहून आणखी दोघांनी.

पण खरं नुकसान दुसरंच होत होतं, आणि ते मला दिसलं हिवाळ्यात. मी पंक्चर काढायला गेलो होतो. मिस्त्री एका जीपच्या मागे तळवा धरून बसला होता. बराच वेळ बसला. मग उठला, परत बसला. मला पाहून म्हणाला, "गुरुजी, जरा इकडं या. हात लावून पाहा. सारखं लागते का?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"नाई, पाहा तं. मले सारखं लागून राहिलं, पण आता माहा भरोसा नाई राहिला."

मी हात धरला. गरम हवा लागली. मी "सारखं आहे" म्हणालो आणि त्यानं माझ्या त्या शब्दावर जीप मालकाला दिली. ज्या माणसानं माझा हात धरून मला शिकवलं होतं, तो आता माझ्या अडाणी हातावर विश्वास ठेवत होता. कारण माझ्या एका शब्दामुळे त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पाहिलं तर त्यानं हवेचा कॉम्प्रेसर आणला होता आणि दारावरच्या पाटीवरचं "इंजिन काम" चुन्यानं पुसून टाकलं होतं. आता टायर, पंक्चर, हवा, एवढंच. मी विचारलं तर म्हणाला, "टायराचं बरं हाय, गुरुजी. पान्यात बुडवलं का बुडबुडे येते. चुकाची भीतीच नाई. आपल्या हातानं कोनाची म्हातारी रस्त्यावर बसाले नोको."

मी तिथंच, त्या पाण्याच्या टाकीपाशी उभ्याउभ्या सांगून टाकलं. फार नीट सांगितलं नाही. आधी बोडी सांगितली, मग रुमाल, मग परत पाइप. तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता. माझं संपल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं:

"म्हंजे माह्या हातानं नाई झालं?"

"नाही."

"तडा नोहोता?"

"नव्हता. पाणी होतं. मी पाहिलं होतं."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. शिव्या आल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. तो आनंद सहन होईना. मग हळूहळू तो मावळला आणि तो म्हणाला, "पानी मारलं ते ठीक. सारेच मारते. पुसलं कायले, गुरुजी?"

भाऊजींची भीती होती का? तसं म्हणता येईल. पण भाऊजी फार तर हसले असते.

"आन मले इथं सांगून काय होते?" त्यानं हात पुसले. "मले तं आता समजलं. लोकाईले कोन सांगन?"

बाजाराच्या दिवशी मी भाऊजींच्या दुकानात गेलो. सात-आठ शेतकरी बसले होते, ते डॉक्टरही युरियाची चौकशी करायला आले होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. पाणी मी मारलं, पुसलं मी, मिस्त्रीचा काही दोष नव्हता.

मग भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, तुमचं मन मोठं हाय. त्या बिचाऱ्याचा धंदा बसला म्हनून तुमी आपल्या डोक्यावर घेऊन राहिले. समजते आमाले."

"अहो, खरंच मी—"

"राहू द्या, राहू द्या. चहा घ्या."

एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "गुरुजी मानूस अशेच रायते बाप्पा." आणि डॉक्टरांनी मला हात जोडले. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. खरं बोललो तर माझी स्तुती व्हायला लागली. तो चहा मी प्यायलो नाही. बाहेर माझी गाडी उभी होती, समोर हातपंप होता. मी दुकानातली बादली उचलली.

"कुठं चालले?"

मी बोनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि बादलीभर पाणी इंजिनवर ओतलं. वाफेचा ढग उठला. गाडी घड्याळासारखी चालत राहिली. मिस्त्रीनं तिसरी टोपी नवी टाकली होती, ती काही पाणी आत घेईना. बाजारातली माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "गुरुजीले काय झालं गा?" दुसरा म्हणाला, "गाडी तापली असन." भाऊजी दारात येऊन हसायला लागले. मी दुसरी बादली भरली, जुन्या टोप्या शोधून त्यांच्या बुडाशी सावकाश ओतली आणि आत बसून पाय दाबला. एक मिनिट गेलं असेल. मग आला तो झटका. गाडी खोकल्यासारखी थरथरायला लागली. आयुष्यात कुठल्या बिघाडानं मला इतकं बरं वाटलं नाही.

"अशीच," मी खिडकीतून भाऊजींना ओरडून सांगितलं. "पुलावर अशीच झाली होती की नाही?"

त्यांचं हसणं थांबलं होतं, आणि त्यांना पाहून बाकीचेही पुढे येऊन इंजिनात वाकून पाहायला लागले.

कोणीतरी मिस्त्रीला बोलावून आणलं. तो गर्दीतून वाट काढत आला, ओलं इंजिन पाहिलं, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मुक्या जनावराले असं कोनी करते का, गुरुजी? गाडीनं काय बिघडवलं तुमचं?"

लोक हसले. तो मागे जाऊन उकिडवा बसला. सायलेन्सरसमोर हात धरला, डोळे मिटले. डॉक्टर एक पाऊल पुढे सरकले. मला वाटलं, आता तो कोणाला तरी विचारेल, 'सारखं लागते का?' त्यानं विचारलं नाही. पण वेळ लागला. फार वेळ लागला. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो.

"दोन ठोके चुकून राहिले," तो शेवटी म्हणाला. "एक पुरा, एक कच्चा."

मग पुढे येऊन पहिली टोपी ओढली. पाणी. त्यानं लोकांना दाखवलं, मुद्दाम नव्हे, पण सगळ्यांना दिसेल इतका वेळ धरून ठेवली. चौथी ओढली. तीही ओली. गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली आणि टायरसाठी आणलेल्या त्या कॉम्प्रेसरच्या हवेनं त्यानं चारही भोकं कोरडी केली. भाऊजी तिथंपर्यंत आले होते. त्यांनी माफी मागितली नाही, त्यांच्या स्वभावात ते नाही. पण जाताना म्हणाले, "मिस्त्री, माह्या गाडीचा क्लच पाह्यजो सोमवारी." बाजारात ती माफीच समजली गेली.

आईला मी घरी आल्यावर सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "गाडी बिघडली का?" मी म्हणालो, दोन प्लग गेले. "जाऊ दे," ती म्हणाली. तिचं समाधान झालं की नाही, हे मला कळलं नाही. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

पाटीवर "इंजिन काम" परत आलं, आधीपेक्षा थोडं वाकडं. काही गिऱ्हाइकं परतली, काही भंडाऱ्यालाच राहिली. मिस्त्री आता प्रत्येक प्लग दोनदा तपासतो, आधी एकदाच तपासायचा. तेवढं माझ्याकडून त्याच्यात राहून गेलं आहे.

आणखी एक गोष्ट. पुढच्या वेळी मी गाडी नेली तेव्हा त्यानं बोनेट उघडलं, पाना हातात घेतला आणि थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "राग नोका मानू, गुरुजी. गाडी आनत जा. पन मी काम कराले बसलो का तुमी घरी जा. तुमी बाजूले उभे रायले का मले वाटते, काई लपवून राहिले. हात अडखडते."

मी राग मानला नाही. तेव्हापासून तसंच करतो. गाडी लावतो, चावी देतो आणि जायच्या आधी जे झालं ते सगळं सांगतो. कुठं आवाज आला, कुठल्या चढावर, मी काय चुकीचं केलं, किती दिवस टाळलं, पेट्रोल कुठून भरलं. तो आपला बहिरा डावा कान माझ्याकडे करून ऐकतो, मुद्दामच, असा मला संशय आहे. कधी मधेच हात वर करून म्हणतो, "एवढं कोनं विचारलं गा तुमाले?" तरी उरलेलं मी सांगून टाकतो आणि चालत घरी येतो.